डोंगल लावला, पण नेट लागेना: लिनक्सवाल्या वाचकांचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या फुकट सिस्टिम) टाकणाऱ्यांची पत्रं येतायत. ज्यांच्या घरी वायफाय आहे त्यांचं पहिल्याच दिवशी सगळं सुरू होतं, ते कशाला पत्र लिहितील. अडचण येते ती जिथे फायबरची केबल अजून पोचली नाहीये आणि सगळी मदार सिम घातलेल्या डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या छोट्या नेटच्या कांडीवर, आहे तिथे. म्हणून या वेळचे सगळे प्रश्न डोंगलचेच घेतलेत.

सगळ्यांना एकच सांगणं आहे. कुठूनतरी मिळालेल्या दहा ओळी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पेस्ट करायच्या आधी गाडं नक्की कुठे अडलंय ते बघा. कॉम्प्युटरला डोंगल दिसतोय का, दिसत असेल तर मोडेम (मोबाइल नेटवर्कला जोडणारं यंत्र) म्हणून दिसतोय का, मोडेम झाला असेल तर सिमला नेटवर्क मिळतंय का, आणि हे सगळं झाल्यावर मग एपीएन, म्हणजे सिमच्या कंपनीचं सेटिंगमध्ये भरायचं नाव. याच क्रमाने जा. बहुतेक लोक शेवटापासून सुरुवात करतात, एपीएन बदलत बसतात आणि इकडे डोंगल अजून मोडेम झालेलाच नसतो.

प्रश्न: नमस्कार सर, मी राजापूर तालुक्यात राहतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मुलाने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि तो पुण्याला परत गेला. माझ्याकडे हुआवेचा ४जी डोंगल आहे, विंडोजवर चांगला चालायचा. आता लावला की डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं, आत सेटअपची फाइल दिसते, तिच्यावर डबल क्लिक केलं तर काही होत नाही. ड्रायव्हर डाउनलोड करायचा तर नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे. काय करू?

उत्तर: ती सेटअपची फाइल विंडोजसाठी आहे, तिच्या नादी लागू नका. आणि ड्रायव्हर शोधायची तर गरजच नाही, या मोडेमचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आधीपासून असतात. तुमचं अडलंय ते वेगळ्याच जागी. हे डोंगल बनवताना कंपन्यांनी अशी सोय केली की लावल्या लावल्या डोंगलने आपण सीडी ड्राइव्ह आहोत असंच कॉम्प्युटरला सांगायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला वेगळी सीडी द्यावी लागत नाही, सॉफ्टवेअर डोंगलमधूनच इन्स्टॉल होतं, आणि मग ते सॉफ्टवेअर डोंगलला निरोप देतं की आता मोडेम हो. लिनक्सवर हा निरोप द्यायचं काम यूएसबी-मोडस्विच नावाचा एक छोटा प्रोग्राम करतो. तुम्हाला अजून सीडीच दिसतेय म्हणजे एक तर तो प्रोग्राम तुमच्याकडे नाहीये किंवा त्याला तुमचा डोंगल ओळखता आलेला नाही.

आधी खात्री करून घ्या. टर्मिनल उघडा आणि एलएसयूएसबी ही कमांड टाइप करा, पाचही अक्षरं इंग्रजीत, स्मॉल, मध्ये जागा न सोडता. यूएसबीला जे जे लावलंय त्याची यादी येईल, माउस, कॅमेरा, ब्लूटूथ सगळं. त्यात हुआवे नाव असलेली ओळ शोधा, तिथे कोलनच्या आजूबाजूला चार-चार अक्षरांचे दोन नंबर असतात. पहिला कंपनीचा, हुआवेचा १२डी१ आणि झेडटीईचा १९डी२. दुसरा नंबर सांगतो की डोंगल सध्या कोणत्या अवतारात आहे. बऱ्याच हुआवे ४जी डोंगलला सीडीच्या अवतारात १एफ०१ असा नंबर असतो आणि स्विच झाला की तो १४डीसी होतो. म्हणजे डोंगल लावून अर्धा मिनिट थांबायचं, कमांड परत द्यायची, आणि दुसरा नंबर बदलला का एवढंच बघायचं. बदलला तर निरोप पोचला.

नाही बदलला तर सगळ्यात सोपा उपाय आधी करा, डेस्कटॉपवरच्या त्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट म्हणा. काही डोंगलना, खासकरून झेडटीईच्या, एवढंच पुरतं, सीडी बाहेर काढली की ते स्वतःहून मोडेम होतात. तेही नाही जमलं तर यूएसबी-मोडस्विच इन्स्टॉल करावा लागेल आणि त्यासाठी लागणारं नेट तुमच्या खिशातच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टिदरिंग असतं ते चालू करा, लिनक्सला फोन एखाद्या लॅन कार्डासारखा दिसतो आणि कसलाही ड्रायव्हर न टाकता नेट लागतं. केबल मात्र डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलने होत नाही. नेट लागलं की मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये यूएसबी-मोडस्विच शोधून टाका, आधीच असेल तर अपडेट करा, कारण त्याच्याबरोबर डोंगलच्या नंबरांची यादी येते आणि नवीन यादीत जास्त डोंगल असतात.

आता एक महत्त्वाचं, कारण इथे खूप जण गोंधळतात. दुसरा नंबर १४डीसी होणारा डोंगल स्विच झाल्यावर खरं तर मोडेम होतच नाही, तो लॅन कार्ड होतो! या प्रकाराला हायलिंक म्हणतात. डोंगल आतल्या आत स्वतःच कनेक्शन लावतो आणि तुमच्या लॅपटॉपला फक्त वायर्ड कनेक्शन दिसतं. मग लोक नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मोबाइल ब्रॉडबँड शोधत बसतात आणि ते काही सापडत नाही. त्याऐवजी फायरफॉक्स उघडा, पत्त्याच्या जागी १९२.१६८.८.१ टाका (हे आकडे टाइप करताना इंग्रजी), डोंगलचं स्वतःचं पान उघडेल. सिमची पिन, एपीएन, किती काड्या सिग्नल आहे, डेटा चालू की बंद, सगळं तिथे. लिनक्सच्या बाजूने तुम्हाला काहीच करायचं नाही, आणि म्हणून नवख्या माणसाला मी हाच प्रकार बरा म्हणेन.

एक राहिलंच. डोंगलचा दिवा लागतो आणि मधेच जातो असं होत असेल तर यूएसबीचा पोर्ट बदला. सिग्नल कमी असला की डोंगल जास्त जोर लावतो आणि जास्त करंट ओढतो, यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअरपर्यंत देतो आणि यूएसबी ३ चा, निळ्या पट्टीचा, ९०० पर्यंत. चार तोंडांच्या स्वस्त हबमध्ये माउस, पेनड्राइव्ह आणि डोंगल एकत्र लावून नेट टिकत नाही म्हणणारे खूप भेटतात. हबमधून काढा आणि थेट लॅपटॉपला लावा. तुमच्याकडे पावसात सिग्नल पडतो तेव्हा मीटरभराची चांगली एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल खिडकीत न्यायचा, फक्त केबल जाड आणि आखूड घ्या, पाच मीटरची बारीक केबल घेतलीत तर वाटेतच व्होल्टेज पडतं.

प्रश्न: गडहिंग्लजहून लिहितोय. माझा डोंगल साधा मोडेमवाला आहे, उबुंटूला मोबाइल ब्रॉडबँड दिसतं, कनेक्टेड पण म्हणतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही. सिम फोनमध्ये घातलं की नेट मस्त चालतं. एपीएन नक्की काय टाकायचं?

उत्तर: एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणारं दार कोणतं त्याचं नाव. फोनमध्ये ते आपोआप भरलं जातं म्हणून कधी विचार करावा लागत नाही. एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, जिओचं जिओनेट, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, व्होडाफोनच्या सिमचं नुसतं तीन वेळा डब्ल्यू आणि आयडियाच्या जुन्या सिमचं इंटरनेट. सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा नाही, युजरनेम आणि पासवर्ड रिकामे. कनेक्शन बनवताना उबुंटू देश आणि कंपनी विचारतं आणि यादीतून एपीएन स्वतः भरतं, पण ती यादी नेहमीच ताजी असते असं नाही, त्यामुळे भरलेलं नाव एकदा डोळ्यांनी तपासा. सगळ्यात पक्कं म्हणजे तेच सिम फोनमध्ये घालून मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जे एपीएन दिसतं ते अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचं.

पण तुमचं कनेक्टेड म्हणतंय म्हणजे कदाचित एपीएन बरोबरच असेल आणि अडचण पुढची असेल. टर्मिनलमध्ये पिंग, मग जागा, मग ८.८.८.८ टाका. उत्तरं यायला लागली, ओळीमागून ओळ, प्रत्येकीत मिलीसेकंदाचा आकडा, तर तुमचं नेट चालू आहे, फक्त वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधायचं काम, म्हणजे डीएनएस, बिघडलंय. थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा. मग कनेक्शनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत) डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहा, कनेक्शन बंद करून परत लावा. आणि पिंगलाच उत्तर आलं नाही तर आयपीव्ही६ चं पान बघा, कोणीतरी ते बंद केलेलं असतं. इंटरनेटवर सल्ला फिरतो की आयपीव्ही६ बंद करा म्हणजे स्पीड वाढतो, तो सल्ला मोबाइल नेटसाठी चुकीचा आहे, जिओसारख्या नेटवर्कचा डोलारा बराचसा आयपीव्ही६ वर उभा आहे. ते ऑटोमॅटिकच राहू द्या.

सिमला नेटवर्क मिळतंय का हे बघायला एमएमसीएलआय ही कमांड फार कामाची आहे. एमएमसीएलआय, जागा, हायफन आणि स्मॉल एम, जागा, एनी. मोडेमची सगळी कुंडली समोर येते. त्यात स्टेटच्या पुढे काय आहे ते वाचा. सर्चिंग असेल तर नेटवर्क शोधतोय, रजिस्टर्ड असेल तर नेटवर्क मिळालं पण डेटा लावायचा बाकी आहे, कनेक्टेड म्हणजे झालं. लॉक्ड असेल तर सिमला पिन आहे, ती फोनमध्ये घालून काढून टाका, डोंगलमध्ये अंदाजाने पिन टाकत बसू नका, तीन वेळा चुकली की पुक (सिम उघडायचा कंपनीकडचा कोड) मागतो आणि मग कंपनीच्या गॅलरीत खेपा घाला. खाली सिग्नल क्वालिटी टक्क्यांत असते, डोंगल खोलीत इकडून तिकडे नेऊन हीच कमांड परत परत दिली की घरातली चांगली जागा सापडते. आणि हो, रिचार्ज संपलेलं नाही ना हे आधी बघा, हे सांगायला मला संकोच वाटत नाही कारण रजिस्टर्ड आहे पण कनेक्ट होत नाही याचं ते एक अगदी नेहमीचं कारण आहे.

प्रश्न: चंद्रपूरहून. माझ्याकडे २०११ सालचा ३जी डोंगल आहे आणि त्या वेळची डब्ल्यूव्हीडायलची (टर्मिनलमधून नेट लावायच्या जुन्या प्रोग्रामची) फाइल पण जपून ठेवलीय. तेव्हा उबुंटूवर रोज चालायचा. आता डेबियनवर (हीपण लिनक्सचीच सिस्टिम) तीच फाइल टाकली तर डिव्हाइस बिझी असं काहीतरी येतं. परत चालू करता येईल का?

उत्तर: डिव्हाइस बिझीचं उत्तर सोपं आहे. तुमच्या डेबियनवर मोडेममॅनेजर नावाची, मोडेम सांभाळणारी सेवा मागे चालू असते आणि तिने तो पोर्ट आधीच धरून ठेवलेला असतो, मग डब्ल्यूव्हीडायल आला की त्याला पोर्ट मोकळा मिळत नाही. दोघांपैकी एकालाच काम द्या. मोडेममॅनेजर थांबवलंत तर तुमची जुनी फाइल चालायला हरकत नाही, त्यातली स्टार-नऊ-नऊ-हॅशची ओळ, स्टुपिड मोडची ओळ, सगळं आजही तसंच लागतं. (स्टुपिड मोड म्हणजे समोरून लॉगिनची वाट न बघता सरळ पीपीपी (मोडेमवरून नेट जोडायची पद्धत) सुरू कर, मोबाइलच्या मोडेमला तेच हवं असतं.) तुमचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये आहे का तेही बघा, नसेल तर पोर्ट उघडायची परवानगीच नाही. पण स्क्रीन असलेल्या कॉम्प्युटरवर आता डब्ल्यूव्हीडायल कशाला, नेटवर्कमॅनेजर आणि मोडेममॅनेजर हे काम जास्त नीट करतात. शेतातल्या पंपावर लावलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) वगैरे असेल तर गोष्ट वेगळी.

डोंगल लावल्यावर डीमेसेज ही कमांड (डी, एम, ई, एस, जी) पुढे सुडो लावून, म्हणजे अॅडमिनच्या परवानगीने, द्या, शेवटी जीएसएम मोडेम कन्व्हर्टर अमुक पोर्टला जोडला अशा दोन-तीन ओळी दिसतील आणि पुढे टीटीवाययूएसबी० , १, २ अशी नावं असतील. हे काम ऑप्शन नावाचा ड्रायव्हर करतो, हे नाव बेल्जियमच्या ऑप्शन या मोडेम बनवणाऱ्या कंपनीवरून पडलंय, सुरुवातीला तो तिच्याच कार्डांसाठी लिहिला होता आणि आता जगातले शेकडो मोडेम त्याच्यावर चालतात. त्या ओळी दिसल्या म्हणजे लिनक्सने आपलं काम केलं.

खरा प्रश्न नेटवर्कचा आहे आणि तो मला तुमच्यापासून लपवायचा नाही. जिओला २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून ३जी कधी नव्हतंच, त्याचं सिम तुमच्या डोंगलला कधीच चालणार नाही. एअरटेलने २०१९ पासून ३जी बंद करत आणलं, व्हीआयनेही (व्होडाफोन आयडियाने) बऱ्याच सर्कलमध्ये तेच केलं. मग राहतं २जी, ते तुमचा डोंगल पकडेल, कनेक्टेडही म्हणेल, पण एजचा, म्हणजे २जीवरच्या नेटचा, वेग कागदावर २३६ केबीपीएस आणि प्रत्यक्षात त्याच्या बराच खाली. आजची साधी बँकेची साइट त्यावर उघडता उघडता टाइमआउट होते. साधा मेल किंवा एखाद्या सेन्सरचे आकडे पाठवायला पुरेल. आणि कोणाकडे टाटा फोटॉन किंवा रिलायन्स नेटकनेक्टचे जुने डोंगल असतील, ते हॅश-सात-सात-सात डायल करणारे, तर ते सीडीएमए या वेगळ्या, जुन्या तंत्राचे आहेत, ती नेटवर्क्सच आता नाहीत, कुठल्याही कमांडने ते जिवंत होणार नाहीत. ई-कचऱ्यात द्या, त्यांच्यावर रात्री घालवू नका.

प्रश्न: आम्ही अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. शाळेत चार जुने कॉम्प्युटर आहेत, चारही लिनक्सवर, आणि डोंगल एक. यूडायसची माहिती भरायची, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, तर डोंगल काढून इकडून तिकडे लावत बसतो. आणि दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो, कोण खातं कळत नाही.

उत्तर: ताई, हे पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण यावर पैसे न घालता करण्यासारखं बरंच आहे. डोंगल एकाच कॉम्प्युटरला कायमचा लावून ठेवा, त्यातल्या त्यात दणकट असेल त्याला, आणि त्याचंच नेट बाकी तिघांना द्या. एखादा जुना लॅनचा स्विच (केबलने कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) पडलेला असेल तर चारही कॉम्प्युटर त्याला केबलने जोडा. डोंगलवाल्या कॉम्प्युटरवर लॅन केबलच्या कनेक्शनचं सेटिंग उघडा, आयपीव्ही४ च्या पानावर मेथड असते, तिथे शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स निवडा, सेव्ह करा, कनेक्शन बंद करून परत लावा. बस्स, बाकी तिघांवर काहीही बदलायचं नाही. त्यांना आपोआप १०.४२.० ने सुरू होणारे पत्ते मिळतील आणि नेट लागेल. नाही लागलं तर बाकी कॉम्प्युटरवर १०.४२.०.१ ला पिंग करून बघा, उत्तर आलं तर केबल ठीक आहे आणि अडचण डोंगलच्या बाजूला आहे. स्विच नसेल आणि कॉम्प्युटरला वायफाय असेल तर वायफायच्या सेटिंगमधून हॉटस्पॉट चालू करा, तेही तेच काम करतं. तुमचा डोंगल हायलिंकवाला असेल तर एक काळजी घ्या, तोही वायर्ड कनेक्शनच दिसतो, शेअर्ड चुकून त्याला लावू नका, खऱ्या लॅन पोर्टला लावा.

डेटा बहुतेक अपडेट खातात. साध्या मोडेमवर नेट असलं की नेटवर्कमॅनेजर (लिनक्सचा नेट सांभाळणारा प्रोग्राम) स्वतःच ओळखतो की हे मोजून मिळणारं नेट आहे. पण हायलिंक डोंगल, फोनचं टिदरिंग किंवा तुम्ही शेअर केलेली लॅन यांतून नेट आलं की सिस्टिमला अनेकदा ते घरच्या ब्रॉडबँडसारखं वाटतं आणि शेकडो एमबीचे अपडेट शाळा भरलेली असतानाच उतरायला लागतात, चारही कॉम्प्युटरवर एकदम. म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरवर कनेक्शनच्या सेटिंगमध्ये जनरलच्या पानावर मीटर्ड कनेक्शन असतं ते येस करा. शिवाय मिंटच्या अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनच्या पानावर आपोआप अपडेट बंद करा. अपडेट करायचेच नाहीत असं मात्र करू नका, सुरक्षिततेचे पॅच लागतात. शनिवारी शाळा सकाळची असते, नंतर एकेक कॉम्प्युटर हाताने अपडेट करून टाका. आणि फॉर्म भरण्याच्या वेळी एका कॉम्प्युटरवर व्हिडिओ चालू ठेवू नका, डोंगल एकच आहे, चौघांनी वाटून घ्यायचाय.

प्रश्न: लॅपटॉप झाकून परत उघडला की डोंगल गायब होतो. काढून घातला की येतो. (सांगली)

उत्तर: झोपेतून उठताना यूएसबीचा करंट एकदा जातो आणि मोडेममॅनेजरला डोंगल नव्याने सापडत नाही. काढून न घालता एकच कमांड द्या: सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट मोडेममॅनेजर. मोडेममॅनेजरमधले दोन्ही एम कॅपिटल, नाहीतर अशी सेवाच नाही म्हणून सांगतो. अर्ध्या मिनिटात डोंगल दिसायला लागेल. एलएसयूएसबीमध्येच दिसत नसेल तर दुसरा पोर्ट वापरून बघा.

प्रश्न: नवीन ४जी डोंगल घ्यायचाय, लिनक्सवर चालेल असा. परदेशातून भाऊ येतोय, तिकडून आणू का? (सावंतवाडी)

उत्तर: लिनक्सवर चालेल का याची काळजी कमी करा, हायलिंक प्रकारचा कुठलाही डोंगल चालतो. काळजी करायची ती बँडची, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याची. प्रत्येक कंपनी ठरावीक बँडवर ४जी देते आणि डोंगलला तो बँड येत नसेल तर सिम उत्तम, सिग्नल उत्तम, तरी नेटवर्क दिसणार नाही. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉडेलमध्ये बँड ४० नसतो आणि ५ पण नसतो, मग फक्त ३ वर भागवावं लागतं. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, त्यासाठी बँड २८ आणि १ असलेला बघा. तुमच्याकडे डोंगर आणि झाडी, तिथे कमी फ्रीक्वेन्सीचे बँड, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झचा ५, ९०० चा ८ आणि ७०० चा २८, लांब पोचतात आणि भिंतींतून आत येतात, २३०० चा ४० मात्र टॉवर जवळ असेल तरच. म्हणून खोक्यावर एफडीडी आणि टीडीडीच्या पुढे जे आकडे असतात त्यांचा फोटो भावाकडून मागवा आणि मगच घ्यायला सांगा. दुसरं, डोंगल तिकडच्या एखाद्या कंपनीला लॉक केलेला नको, दुकानदाराला अनलॉक्ड आहे का असं स्पष्ट विचारायला सांगा. आणि कोणत्या कंपनीचं सिम घालायचं ते आधी ठरवा, त्या त्या कंपनीचं सिम असलेले शेजाऱ्यांचे फोन घेऊन तुम्ही जिथे बसून काम करता त्याच खोलीत संध्याकाळी आठच्या सुमाराला एखादा व्हिडिओ लावून बघा, त्या वेळी सगळं गाव नेटवर असतं.